कात्री कुणाच्या बापाची?

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. सालं आणि आकडे तेवढे नंतर ताडून घातले.)



आज आपल्यापुढे एक ठराव आलाय. ठराव असा की, शाळेच्या पाठ्यपुस्तकांतल्या ज्या ज्या मजकुराने आपल्या समाजाच्या भावना दुखावतात तो मजकूर सरकारने ताबडतोब वगळावा. ठराव मांडणाऱ्या दादांबद्दल मला आदर आहे. तरीही माझा या ठरावाला विरोध आहे आणि तो सांगायलाच मी उभा आहे. मी प्राध्यापक नाही. गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो, मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या नशिबी इतिहासाचं पुस्तक मॅट्रिकपर्यंतच असतं. पुढे पोरगं कामाला लागतं. अशोक, अकबर, शिवाजी महाराज, फुले, गांधी, बाबासाहेब, जे कोण त्याच्या डोक्यात शिरायचे ते त्या पाच-सहा पुस्तकांतून शिरतात आणि तेवढ्यावर आयुष्य निघतं. एवढी मारामारी या पुस्तकांवरून का होते ते यात आलं.

आधी ही कात्री कधी कधी चालली ते पाहू.

१९७७ साली आणीबाणी उठली, जनता सरकार आलं. लोकांना वाटलं आता मोकळा श्वास. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या कचेरीतून शिक्षणमंत्र्यांकडे एक टिपण गेलं. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. रोमिला थापर, बिपन चंद्र यांची पुस्तकं हटवा म्हणून. का, तर ती पुरेशी हिंदू नाहीत. रामशरण शर्मांचं अकरावीचं ‘प्राचीन भारत’ १९७८ साली अभ्यासक्रमातून काढलं गेलं. पुस्तक निघून वर्षही धड झालं नव्हतं. सरकार पडलं, पुस्तकं परत आली, हा सगळा तमाशा आपल्या वस्तीपर्यंत पोचलाही नाही. आपल्याकडे तेव्हा मराठवाडा जळत होता, नामांतरासाठी.

मग २००१. हे जरा सावकाश ऐका.

त्या ऑक्टोबरात सीबीएसईने शाळांना परिपत्रक काढलं. चार-पाच इतिहासाच्या पुस्तकांतले ठरावीक परिच्छेद गाळा. नुसते गाळा नाही, ते वर्गात शिकवायचेही नाहीत आणि त्यांच्यावर चर्चाही करायची नाही. पेपरांत गदारोळ झाला. कशावर? वेदकाळी गोमांस खात होते की नाही यावर. गुरू तेगबहादुरांच्या मृत्यूविषयी काय लिहिलंय यावर. जाटांना लुटारू म्हटलं यावर. सगळ्यांना आपापली दुखावलेली भावना सापडली. चॅनेलवर भांडायला माणसं मिळाली.

पण त्याच यादीत शर्मांच्या पुस्तकातली आणखी एक जागा होती. पान २४० आणि २४१. त्याच्यावर फार कुणी बोललं नाही. तिथे काय होतं ते माझ्या भाषेत सांगतो. शर्मा म्हणत होते, ग्रीस आणि रोममध्ये गुलामाकडून काम काढायला चाबूक लागायचा. इथे वैश्य आणि शूद्र तेच काम विनाचाबूक करत होते, कारण ब्राह्मणी शिकवणुकीने आणि वर्णव्यवस्थेने ते त्यांच्या मनातच रुजवून टाकलं होतं.

एवढंच. अकरावीच्या पोराला समजेल अशा दोन-चार वाक्यांत तीन हजार वर्षं. मला विचाराल तर त्या सबंध पुस्तकातलं आपल्या कामाचं पान तेच. ते कापलं. गाय, गुरू, जाट यांच्या कोलाहलात शूद्र गुपचूप बाहेर. कोणाची भावना दुखावली होती त्या पानाने? शूद्राची? त्याने तर पुस्तक पाहिलंही नसेल.

आमच्याकडे गोदीत टॅली असते. जहाजातून उतरलेलं प्रत्येक पोतं टॅलीवाला कागदावर चढवतो. टॅलीत चढलं नाही तर पोतं आलंच नाही. तुमच्या पाठीवर त्याचा वळ असू द्या, खांद्याचं कातडं सोललेलं असू द्या, कागद म्हणतो पोतं नव्हतं, मग मजुरीही नाही. पाठ्यपुस्तक ही या देशाची टॅली आहे. आपण माल वाहिलाय. टॅली मात्र दुसऱ्याच्या हातात.

आता कोणी म्हणेल, दिल्लीच्या पुस्तकांचं इथे काय? आपली पोरं बालभारतीची पुस्तकं वाचतात. खरंय. पण दिल्लीत वारा सुटला की मुंबईत पडदे हलतात. २०१७ साली इथल्या सातवीच्या इतिहासातही मुघलांचा भाग आखडला गेला. शिवाय कलेक्टर, तहसीलदार व्हायला निघालेली आपली जी पोरं लायब्रऱ्यांत रात्र रात्र बसतात ती कुठली पुस्तकं घोकतात? एनसीईआरटीचीच ना?

आणि आणखी एक वाक्य मी आपल्याच पोरांकडून ऐकतो. मुघल गेले तर जाऊ देत ना, आपल्याला काय? बादशहा हिंदू असला काय, मुसलमान असला काय, आपल्या डोक्यावरची पाटी उतरली का? यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंचे विद्वान राजवाड्यांत आणि देवळांतच फिरतात. हळदीघाटी कोण जिंकलं, देऊळ कोणी पाडलं. त्या देवळाच्या पायरीवर कोणाला उभं राहू देत नव्हते हा प्रश्न दोघांच्याही यादीत शेवटी. डाव्या विद्वानांनी तो निदान विचारला, हे त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. पण ज्यांची सावली पडू देत नव्हते त्यांच्यातल्या कोणी लेखणी धरून ते पुस्तक लिहावं, असं काही त्यांच्या लवकर लक्षात आलं नाही.

तरी मुघल गेले तर आपल्याला काय, याचं उत्तर २०२२ ने दिलंय. कोरोनाचं निमित्त झालं. पोरांवरचं ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीने पुस्तकं छाटली. बारावीतला मुघल दरबारावरचा धडा गेला, गुजरातची २००२ ची दंगल गेली. गांधींच्या खुन्याची जात आणि धंदा सांगणारे शब्द गेले. बोंब झाली ती या तिघांची. आणि सहावीच्या पुस्तकात वर्णांवरचा जो मजकूर होता तो अर्ध्यावर आणला. काय कापलं? वर्ण जन्मावर ठरायचा, हे कापलं. काही लोकांना अस्पृश्य ठरवलं, हे कापलं. आणि काही लोकांनी ही व्यवस्थाच झुगारली, तेही कापलं. म्हणजे रोगही कापला आणि औषधही कापलं. अकरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर ओझं होत होतं म्हणे ते. मुघलाच्या मागोमाग, त्याच दारातून, त्याच तारखेला आपण बाहेर. मुघल एकटा कधीच जात नाही, दोस्तहो. २०२५ मध्ये सातवीच्या नव्या पुस्तकातून दिल्लीची सल्तनत आणि मुघल साफ गेले, आठवीच्या पुस्तकात मुघल आहेत ते काळ्याकुट्ट रंगात. वस्तीत इतिहास शिकवणाऱ्यांनी ती पुस्तकं मांडीवर घेऊन बसावं आणि जातीवर त्यात काय उरलंय ते ओळीओळीने पाहावं. मी सुरुवात केली आहे.

आता जरा दक्षिणेकडे जाऊ. ही गोष्ट दादांच्या ठरावाला सर्वात जवळची आहे.

नववीच्या इतिहासात कपड्यांवर एक धडा होता. माणसं काय घालतात आणि का घालतात. त्यात त्रावणकोरची हकीकत होती. तिथे शाणार नावाची जात, पुढे त्यांतले बरेच नाडर म्हणवू लागले. त्यांनी छत्री धरायची नाही, पायात वहाण घालायची नाही, सोन्याचा दागिना घालायचा नाही. आणि वरच्या जातीपुढे बाईमाणसानेसुद्धा छाती उघडी ठेवायची. हा रिवाज! मिशनऱ्यांच्या संगतीने काही बायका अंग झाकू लागल्या. १८२२ साली नायरांनी त्यांना भर रस्त्यात गाठून मारहाण केली, कपडे फाडले. हे तीस-चाळीस वर्षं चाललं. शेवटी १८५९ च्या जुलैत राजाने जाहीरनामा काढला की शाणार बायकांनी अंग झाकायला हरकत नाही. मात्र वरच्या जातीच्या बायकांसारखं नाही झाकायचं! बघा, हार खातानाही राजा माप घेऊन बसलाय.

माझ्या मते शाळेच्या पुस्तकात यापेक्षा मोठी गोष्ट आलेली नाही. सबंध देशाच्या नववीच्या वर्गात, दिल्लीपासून त्रिवेंद्रमपर्यंत, पोरं-पोरी वाचणार होती की आपल्या अंगावरच्या चोळीसाठीसुद्धा कोणाच्या तरी पणजीने मार खाल्लाय.

ती कोणी कापली? तुम्हाला वाटेल नायरांनी. नाही. २०१२ साली तमिळनाडूतून ओरड झाली, मुख्यमंत्री जयललितांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, करुणानिधींनीही आवाज उठवला. नाडर समाजाचा अपमान झाला म्हणून. आज नाडर समाज शिकला, धंद्यात वर आला, राजकारणात वजनदार झाला. त्यांच्यातल्या मंडळींना पुस्तकातली आपल्या पूर्वजांची ओळख खटकली, त्यांना बाहेरून आलेले म्हटलंय ते खटकलं. आता हे जे बाहेरून आलेले वगैरे आहे, ते चूक असेल तर चूक म्हणून पुराव्यानिशी सुधारता आलं असतं. एक ओळ बदलली असती. पण मागणी काय झाली? वगळा. कोर्टकचेरी झाली. २०१६ च्या डिसेंबरात सीबीएसईने तो भागच काढला, परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाही म्हणून कळवलं. २०१९ मध्ये एनसीईआरटीने कपड्यांचा तो अख्खा धडाच उडवला.

पुस्तकातून कोण गेलं? मारणारा नायर गेला. माप घेणारा राजा गेला. आणि लढलेल्या बायका गेल्या. नायरांच्या नातवंडांना एक शब्द बोलावा लागला नाही. काम आपल्याच भावंडांनी करून दिलं. दादा, तुमच्या ठरावातला भावना हा शब्द वाचला आणि मला त्या बायका दिसल्या.

आता घरचं बोलतो. हे काहींना झोंबेल.

१९८७ साली महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्याने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. संपादक वसंत मून. त्यातलं राम आणि कृष्णावरचं परिशिष्ट वाचून शिवसेनेने रान उठवलं. हिंदूंच्या भावना दुखावल्या, परिशिष्ट वगळा. मोर्चे निघाले. सरकार नमलं, परिशिष्ट काढायला तयार झालं. तेव्हा आपले आजे, बाप, आया रस्त्यावर आल्या. ५ फेब्रुवारी १९८८, मुंबई. खेड्यापाड्यांतून भाकऱ्या बांधून माणसं आली होती. निम्म्यांना अक्षर वाचता येत नव्हतं आणि ती एका इंग्रजी पुस्तकाच्या पानांसाठी चालत होती. असा मोर्चा जगात दुसरा दाखवा मला. मागणी एकच. बाबासाहेबांच्या लेखणीला कात्री लागता कामा नये. अखेर पानं राहिली, सरकारने खाली टीप टाकली की या मतांशी आम्ही सहमत नाही. टाका टीप! शंभर टिपा टाका. पान राहिलं ना.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, २०१२.

अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ सालचं व्यंगचित्र होतं. राज्यघटना ही गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. भोवती लोक बघतायत. ११ मे २०१२ ला लोकसभेत खासदार तिरुमावळवन यांनी विषय काढला, सगळे पक्ष एका सुरात ओरडले, मंत्री कपिल सिब्बल यांनी चित्र काढतो म्हणून जाहीर केलं. संसदेत आपल्या बाजूने एवढं एकमत मी कधी ऐकलं नाही. खैरलांजीवर झालं होतं का? मला तिथेच वास यायला पाहिजे असं वाटतं.

आता कोणी असं समजू नका की मी त्या रागाला खोटं म्हणतोय. वर्गात साठ पोरं. त्यात आपलं एखादं. मास्तर पान उघडतो, नेहरूंचा चाबूक नेमका कोणावर उगारलाय असा प्रश्न येतो, मागच्या बाकावरून खी खी येते. ते हसू कोणाला लागतं? चित्र काढणाऱ्याला लागत नाही, पुस्तक करणाऱ्यालाही लागत नाही. हे ज्याने भोगलं नाही त्याने आम्हाला विनोदबुद्धी शिकवू नये. त्या वेळी पेपरांतून आपल्याला असहिष्णू म्हणून शिव्या घालणाऱ्या कित्येकांनी सहावीतली अस्पृश्यतेची ओळ गेली तेव्हा तोंड उघडलं नाही, हेही मी टिपून ठेवलंय.

पण रागाचं पुढे काय केलं, हा प्रश्न आहे. त्या पुस्तकाचे दोन मुख्य सल्लागार होते, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. दोघांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कचेरीत काही कार्यकर्ते घुसले, जयभीम म्हणत टेबल-खुर्च्या मोडल्या. मग सरकारने सुखदेव थोरात यांची समिती नेमली. समितीने आणखी चित्रं काढायला सांगितलं. त्या समितीत एकच माणूस वेगळं मत नोंदवून बाहेर पडला, एम. एस. एस. पांडियन. ब्राह्मण-अब्राह्मण वादावर ज्यांनी आयुष्य घातलं तो हा अभ्यासक. त्याला कोणी ब्राह्मणांचा हस्तक म्हणून दाखवावं.

आता नीट ऐका. याच दोन सल्लागारांनी, पळशीकर आणि यादवांनी, बारावीचं आणखी एक पुस्तक करवून घेतलं होतं, स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणावर. त्यात लोकांच्या चळवळींचा एक धडा होता. चिपको होतं, नर्मदा होती, आंध्रातल्या बायकांचा दारूविरोधी लढा होता. आणि दलित पँथर होती. पँथरचा भाग नामदेव ढसाळांच्या कवितेने उघडत होता. नामदेव ढसाळ! कामाठीपुऱ्याचा, गोलपिठ्याचा नामदेव, दिल्ली सरकारच्या शाळेच्या पुस्तकात. देशातला कुठलाही सवर्ण पोरगा बारावीच्या परीक्षेसाठी पँथर का जन्मली हे पाठ करत होता. ज्यांचं टेबल आपण मोडलं त्या टेबलावर हे झालं होतं.

२०२२ साली तो धडा गेला. पँथर १९७२ ची. म्हणजे पन्नासाव्या वर्षी. आपण तेव्हा हॉल भाड्याने घेऊन, फोटोंना हार घालून पन्नाशी साजरी करत होतो. त्या पानासाठी मोर्चा निघाला? एक टेबल मोडलं? एका खासदाराने संसदेत ते पान उंचावलं? वर्षभराने, २०२३ च्या जूनमध्ये, पळशीकर आणि यादवांनीच पत्र लिहिलं की पुस्तकांची एवढी नासाडी झालीय, आता आमची नावं त्यावरून काढा. आपल्याकडून पत्रही नाही.

आणि ज्या तिरुमावळवनांनी ते चित्र काढायला लावलं त्यांच्यावर २०२० साली चेन्नईत गुन्हा दाखल झाला. मनुस्मृती बायकांविषयी काय म्हणते ते त्यांनी एका भाषणात सांगितलं होतं. तक्रार काय होती? ओळखा. भावना.

भावना ही मोजण्याची वस्तू नाही, पण या देशात मोजली जाते. ज्याची माणसं जास्त, ज्याचा मंत्री जवळचा, त्याची भावना वजनदार. १९७२ साली राजा ढालेंनी ‘साधना’त लिहिलं की राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि आपल्या बाईची अब्रू घेतली तर पन्नास. तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या? झेंड्यावाल्यांच्या. बाईच्या भावनेला कोणी विचारलं नाही. या बाजारात आपण आपली भावना तराजूत टाकायला निघालोय. आपलं पारडं तिथे कधी जड झालंय? एकदा झालं, २०१२ ला, कारण त्या दिवशी सगळ्या पक्षांना आपली मतंही हवी होती आणि स्वतःवरची व्यंगचित्रंही नको होती.

मागच्या रांगेतून मघाशी एकाने चिठ्ठी पाठवलीय. की, बाबासाहेबांनी महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, मग पुस्तकावर बंदी मागायला लाज कसली? चांगला प्रश्न आहे. जाळणं आणि बंदी यात फरक आहे, दोस्ता. मनुस्मृती जाळली ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने, चारचौघांत, का जाळतो ते बोलून. ज्याने त्या पुस्तकाखाली पिढ्या काढल्या त्याने जाळली. मनुस्मृती आजही कुठल्याही दुकानात मिळते. बाबासाहेबांनी जन्मभर ती वाचली, तिच्यातले श्लोक काढून काढून आपल्याला दाखवले. ती गायब झाली असती तर त्यांनी पुरावा कशाचा दिला असता? बंदी घालतो तो सरकारातला बिननावाचा कारकून. तो का सांगत नाही. २००१ च्या परिपत्रकासारखं, चर्चाही करू नका म्हणतो.

आणि कात्रीपुढे बाबासाहेब कसे वागले तेही सांगतो. १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी मागवलं, वाचलं, घाबरले. वेदांवरचं, धर्म सोडण्याचं तेवढं वगळा म्हणाले. जात तोडायला निघालेली माणसं ही! बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या पैशाने छापलं, दीड हजार प्रती. आज ते जगभर वाचतात. मंडळ कुठे आहे ते शोधा.

गोगलगायीचं उत्तरही त्यांनी स्वतः देऊन ठेवलंय. २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण काढा. उशीर झाला उशीर झाला म्हणणाऱ्यांना त्यांनी हिशेब दिला. दोन वर्षं अकरा महिने सतरा दिवस. कॅनडाला किती लागले, ऑस्ट्रेलियाला किती, त्यांची कलमं किती, आमची ३९५. दुरुस्त्या सुचवल्या गेल्या साडेसात हजारांवर, त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. चित्राखाली हे छापा अशी मागणी केली असती तर? मास्तर चित्र दाखवून हसला की आपलं पोरगं उठून म्हणालं असतं, सर, खालचं वाचा. ते हसू तिथेच मेलं असतं. चित्र काढल्यामुळे हसू गेलं नाही. ते स्टाफरूममध्ये गेलं, आणि कोट्यावरच्या विनोदांत आजही आहे.

तर ठरावात माझी दुरुस्ती आहे. ‘भावना दुखावणारा मजकूर वगळावा’ हे वाक्य काढा. हो, इथे मी कात्री चालवतोय, पण हात वर करून, तुमच्यापुढे, आणि मत घेऊन. त्या जागी असं लिहा. पुस्तकातलं कुठलंही वाक्य सरकारला काढायचं असेल तर आधी ते वाक्य, काढण्याचं कारण आणि काढणाऱ्याचं नाव छापून जाहीर करावं. जे खोटं असेल ते पुरावा देऊन सुधारावं, खोट्याला आमचं संरक्षण नाही. आणि आमच्याविषयी जे आहे त्याच्याशेजारी आमचं म्हणणं छापावं. कोणाचं? सुरुवात मुक्ता साळवेपासून करा. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर, चौदा वर्षांची, १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला. शाळेच्या पोरीने लिहिलेला निबंध शाळेच्या पोरांना वाचायला द्यायला कुठल्या तज्ज्ञ समितीची परवानगी लागते? तिने त्यात धर्मालाच प्रश्न विचारलाय. धडा घातलाच तर ती ओळ गाळून घालतील, म्हणून निबंध सबंध मागा.

दुसरी दुरुस्ती कामाची आहे. पुस्तकं छाटली गेली तरी जुन्या प्रती रद्दीत मिळतात. फोर्टात, दादरला, परळला फूटपाथवर मिळतात, वीस-तीस रुपयांना. मी आतापर्यंत चार जमवल्यात. नववीचं नाडर बायकांचं, बारावीचं पँथरचं, सहावीचं जुनं आणि अकरावीचं गोगलगायीवालं. तेसुद्धा. शर्मांचं मिळत नाहीये, कोणाकडे असेल तर बोला. या पानांच्या झेरॉक्स काढून, शेजारी नवं पान लावून, विहारात दर रविवारी सकाळी दहाला वाचन करायचं. मराठी करून सांगायला दोन कॉलेजची पोरं तयार आहेत, इंग्रजीचं काय ते त्या बघतील. पहिल्या रविवारी पान २४० घेऊ, पुस्तक मिळालं तर. नाही मिळालं तर त्रावणकोर. माझी त्या आठवड्यात रात्रपाळी आहे, मी सुटून थेट येईन, तेव्हा दहा म्हणजे दहा. चहाचे पैसे मात्र आपापले.

आता दादांनी उत्तर द्यावं, मग मत घ्या.